राजा आपल्यातलाच

वसंता गेल्याची तार आली तेव्हा मी अंगणात पापड वाळत घालत होते. धाकटा भाऊ साताऱ्यात विषमज्वराने आजारी आहे हे ठाऊक होतं, मी निघणारच होते... सांगलीहून पोचले तोवर सगळं उरकलं होतं. आता महिना होऊन गेला. रडून झालं. राग मात्र उतरत नाही, आणि तो त्याच्या नाटकाचा आहे.

शाळेतली मास्तरकी सांभाळून त्याने अख्खं नाटक ओव्यांत लिहिलं. दुष्काळातही सारा उकळणाऱ्या राजाला देवळाचा पुजारी अंगारा लावायला नकार देतो, म्हणून राजा त्याला गाभाऱ्यातच मारवतो. दोघे एकाच देवाचे भक्त. इथल्या एका नाटक मंडळीच्या मालकांना वाचूनच घाम फुटला. "मास्तर, राजा परधर्माचा करा, उद्या तालीम लावतो." वसंता नाटक काखोटीला मारून माझ्याकडे आला. मी म्हटलं, "बदल की. तुझं काय जातं?"

"अक्का, मग तो खून राहत नाही गं. नुसती लढाई होते."

पुढे इस्लामपूरकडच्या एका जत्रेत ते बसवायचं ठरलं. राजाचं काम पलटणीतून निवृत्त झालेले, ऊस लावणारे एक सुभेदार करणार होते. तालमी रंगल्या. पुजाऱ्याच्या ओव्या ऐकायला बायका चुली सोडून येत. पण जत्रा जवळ आली तशी सुभेदारांची चलबिचल सुरू झाली. "मास्तर, देवाच्या मानसाला मी मारलं तर माझ्या पोरीला स्थळ कोन आनंल? राजा परमुलखातला करा. मग खुशाल मारतो." सगळे हसले. वसंता हसला नाही. जत्रेत नाटकाऐवजी तमाशाचा फड उभा राहिला.

परवा ते मालक घरी आले. नाटक मी साताऱ्याहून बरोबर आणलं होतं, ते त्यांनी चाळलं. "मास्तरांची आठवण म्हणून करू या. इंग्रज गेले, संस्थान गेलं, आता कुणाची भीती नाही. फक्त राजा तेवढा परका करू." इतकी वर्षं मीच हे वसंताला सांगत आले होते. हो म्हटलं असतं तर दिवाळीत पडदा वर गेला असता.

"राजा आपल्यातलाच राहील," मी म्हटलं.

"अहो बाई, मग हे होणार कधी?"

"ते मला काय विचारता? मंडळी तुमची आहे. चहा घ्या."

चहा पिऊन ते गेले. नाटक मी फडताळात ठेवलंय, तांदळाच्या डब्यापुढे, दुसरीकडे जागा नाही. डबा काढायचा तर आधी ते उचलावं लागतं. रोज चिडते, आणि परत तिथेच ठेवते.