लाल चिंधीची घागर

पाण्याचा टँकर समोरून आला की मला अजूनही ती घटना आठवते. मी मूळची वडूजकडची, पण नोकरीची शेवटची वर्षं जत तालुक्यात गेली, कर्नाटकच्या हद्दीलगतच्या एका ठाण्यात. फौजदार होते मी तिथं.

ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली राज्याने नियम केले आणि आम्हा पोलिसांवर एक नवं काम आलं. हद्दीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी ठेवायची, महिन्यातून एकदा त्यांना भेटून यायचं. ठाण्यात हे काम कुणाला आवडायचं नाही. मला आवडायचं. दुसऱ्याच्या घरात डोकवायची खोडच म्हणा ना माझी.

त्या यादीत एका आजींच्या नावावर रेघ मारलेली होती. शेरा होता, 'पुतण्याकडे राहण्यास गेली.' खाली सही माझीच. हवालदाराने पुतण्याला विचारलं, त्याने सांगितलं, मी सही ठोकली.

खबर दिली टँकरच्या ड्रायव्हरने. कुणाच्या घरात किती माणसं, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. तिकडे टँकर यायच्या आधीच बायका घागरी रांगेत मांडून ठेवतात. माणूस नसला तरी घागर जागा धरते, दुसऱ्याच्या घागरीला कुणी हात लावत नाही. चहा पिता पिता तो म्हणाला, "मॅडम, लाल चिंधी बांधलेली घागर त्या म्हातारीची. पुतण्याच्या दारात बोअर हाय. मग ही माळावर रांगेत घागर कशापाई लावती?"

मला राहवेना. पण चूक केली. येणार असल्याचा निरोप गावात आधीच पाठवला.

गेले तर सगळं चकाचक. पुतण्याचं नवं घर, आजींच्याच रानात बांधलेलं. ते रान आजींनी त्याला बक्षीसपत्राने दिलेलं. आजी कॉटवर बसलेल्या, अंगावर घडी मोडलेली नवी साडी. मी प्रश्न विचारायचे आजींना, उत्तर यायचं पुतण्याकडून.

"आवं मॅडम, आईच्या जागी हाय ती मला. काय कमी न्हाई तिला."

आजी नुसती मान हलवत होत्या. ज्याचं खातो त्याच्या घरात बसून म्हातारं माणूस त्याच्याविरुद्ध बोलत नाही, हे मी नोकरीभर पाहिलेलं. तेवढ्यात कॉटच्या उशाशी नजर गेली. पाण्याचा तांब्या नव्हता. म्हाताऱ्या माणसाच्या अंथरुणाशी तांब्या नाही?

मी म्हटलं, "आजी, तहान लागलीय. तुमच्या हातचं पाणी द्या की."

पुतण्याची बायको लगबगीने उठली. मी तिला बसवलं. आजी उठल्या, एका दाराशी गेल्या, आत धान्याची पोती. वळल्या, दुसऱ्या दाराशी गेल्या. तिथं न्हाणीघर. मग मधेच उभ्या राहिल्या. पुतण्या खाली बघत होता.

"पोरी," त्या म्हणाल्या, "ह्या घरात मी आज पयल्यांदाच आले. पानी कुटं ठिवत्यात, मला न्हाई ठावं."

त्या राहत होत्या माळावर, मेंढरांच्या खोपीत. पुतण्याला बाहेर नेऊन तासभर विचारलं, तेव्हा कबूल झाला. बक्षीसपत्र मागवलं. त्यात दस्त लिहिणाऱ्याने एक ओळ घातलेली, 'तहहयात सांभाळ करण्याच्या अटीवर.' सांभाळ केला नाही तर असा दस्त रद्द करायचा अधिकार कायद्याने प्रांतसाहेबांना दिलाय, हे आजींना समजावलं. त्यांचा पहिला प्रश्न, "त्येला आत टाकशील का?" म्हटलं, ते तुम्ही ठरवा. "जेल नगं. रान माघारी दे. रान माझं असलं की मला घरात घेत्यात का न्हाई बघ."

अर्ज केला, तारखा झाल्या, दस्त रद्द झाला. मी यादीत त्यांचं नाव पुन्हा लिहिलं, माझ्याच अक्षरात.

त्या वेळेपासून नातेवाइकांच्या शब्दावर मी कुणाच्या नावावर रेघ मारली नाही. निरोप न देता जायचे आणि पाणी मागायचे.

पुढल्या महिन्यात आजींकडे तशीच गेले. त्याच नव्या घरात, लाईट गेलेली, आत अंधार. आजी उठल्या, थेट गेल्या, तांब्या भरून आणला.

"ठावं झालं की गं आता," म्हणाल्या.