सोनेरी काठाचे कप

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी रत्नप्रभाबाई घाटकोपरच्या डोंगरावरची चाळ उतरून पोलीस ठाण्यात जायच्या. नऊ वर्षांत एक सोमवार चुकला नाही. त्यांच्या नवऱ्याला, राजारामना, भरदुपारी राहत्या घरात कोणीतरी भोसकून मारलं होतं. "माझ्या माणसाला कोणी मारलं?" एवढंच त्या विचारायच्या. साहेब बदलत गेले, उत्तर तेच. "तपास चालू आहे, मावशी." सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, इथे लेकीचा, दीप्तीचा, मुलगा तिसरीत गेला. चाळ म्हणायची, बायको असावी तर अशी!

हे कौतुक ऐकलं की बाई घाईने घरात शिरायच्या. पोलिसांकडे उत्तर मागणारी ही बाई अर्धं उत्तर स्वतःच गिळून बसली होती.

त्या दुपारी त्या दळण घेऊन आल्या, तर राजाराम रक्तात पडलेले. हंबरडा ऐकून चाळ धावली, कोणीतरी फोन केला. आणि पोलीस येईपर्यंत बाईंनी काय करावं? टीपॉयवरचे दोन कप उचलून मोरीत नेऊन घासले. चार माणसं घरात येणार, खरकटं दिसायला नको! सासूने लावलेलं वळण, प्रसंग बघत नाही. कप पुसून कपाटात ठेवताना त्यांच्या लक्षात आलं, आपण काय धुतलं ते.

कारण त्या घरात चहा स्टीलच्या पेल्यातून प्यायचे. सोनेरी काठाचे कप दीप्तीच्या साखरपुड्याला आणलेले. ते फक्त व्याह्यांसाठी निघायचे. व्याही म्हणजे बोरिवलीचे मार्तंडराव. गावच्या जमिनीवरून त्याच महिन्यात दोघांचं फोनवर वाजलं होतं. बाराव्याला मार्तंडराव आले, डोळे पुसत म्हणाले, "दोन महिन्यांत आमची गाठसुद्धा पडली नाही हो." शेजारी दीप्ती बसली होती, पाच महिन्यांची गरोदर. नवरा देवमाणूस, घर भरलेलं. बाईंनी ओठ शिवून घेतले. कपाने कोण बसलं होतं तेवढं कळतं, कोणी मारलं ते नाही, अशी स्वतःची समजूत घातली. ती एक रात्रसुद्धा पटली नाही.

या सोमवारी दीप्ती सोबत आली होती. नव्या इन्स्पेक्टर प्रांजल मॅडमनी शांतपणे सांगितलं, "मावशी, आरोपी सापडला नाही, असा अहवाल कोर्टात पाठवतोय. फाइल बंद होईल. तुमच्याकडे नवीन काही असेल तरच..."

"तिच्याकडे काय असणार?" दीप्ती उसळली. "नऊ वर्षं खेटे घालतेय माझी आई! तुम्हाला काही वाटतं की नाही?"

लेक आपल्यासाठी भांडतेय हे बघून बाईंना तिथेच मरून जावंसं वाटलं. आज गप्प बसलं की सगळं संपणार होतं. दीप्तीचं घर राहणार होतं आणि राजारामांचं नाव कोणी पुन्हा घेणार नव्हतं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी घरात कोणीतरी चहा प्यायलं होतं. कप मी धुतले. माझ्या या हातांनी."

मॅडमनी पेन उघडलं. दीप्ती वळली. "वेडी आहेस का गं? हे आज सांगतेस?" मग तिचा आवाज एकदम खाली आला. "आपल्याकडे तर पेले असतात. कप कोणते, आई?"

बाईंनी तिचा हात घट्ट धरला.

"सोनेरी काठाचे, बाय."

दीप्तीने हात सोडवून घेतला. मग तिने मॅडमपुढचा कोरा कागद आईसमोर सरकवला.

"नाव तू सांग," ती म्हणाली. "माझ्या तोंडून नाही निघायचं."