डोंगराकाठची अटॅच खोली

डोंगर माणसाला नम्र करतो. मला तो आजवर पार्किंगच्या रांगेतच करत आला आहे. आपल्याकडच्या थंड हवेच्या ठिकाणी एका कड्याला सूर्योदयाचे नाव असते, दुसऱ्याला सूर्यास्ताचे, आणि तिसऱ्यावरून कोणीतरी गोरा साहेब घोड्यासकट पडलेला असतो. तिन्ही ठिकाणी माणसे नूडल्स खात एकमेकांच्या फोटोंतून बाजूला होत असतात.

यंदा आम्ही पुण्याहून दिवाळीला सासुरवाडीला, नागपूरला गेलो होतो. भाऊबीज आटोपताच मेहुण्याने चिखलदऱ्याचा बेत जाहीर केला. माझी बायको सुमन म्हणाली, "तिथे अख्खं नागपूर भेटेल. त्यांना इथेच भेटून झालंय." मग आम्ही दोघे उलट दिशेला निघालो.

मुक्काम मी निवडला. जिथे पॉइंट नाही, घोडा नाही आणि ज्याला अजून कोणी 'निसर्गाच्या कुशीत' म्हटलेले नाही, असे गाव हवे होते. भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, नाकाडोंगरीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी ते सापडले. यादोराव नावाच्या शेतकऱ्याने घराला लागून पाहुण्यांसाठी एक खोली बांधली होती. फोनवर मी विचारले, "शांत आहे ना?"

"शांतच आहे जी. इथं काय करून राहिलं कोणी!"

शहापूरला हायवेवर आलूबोंडे खाल्ले. तुमसर मागे पडल्यावर खाणीचे ट्रक आणि कापणीला आलेले धान एकमेकांना धूळ देत होते. दुपारी गावात पोचलो, तेव्हा रस्त्यावर एक कुत्रे होते आणि तेही झोपलेले. यादोरावांच्या पत्नी कुंदाबाईंनी कुलूप काढले. पिवळा ऑइलपेंट, नवा पलंग, आणि आत मोराच्या टाइल्सची न्हाणी-संडास. "अटॅच आहे," त्या म्हणाल्या. इतर गावांत 'मंदिर यादवकालीन आहे' असे सांगतात, त्या सुरात.

दुपारभर माणसाचा आवाज नव्हता. त्या शांततेविषयी मी सुमनशी इतका वेळ बोललो, की शांततेला संधीच मिळाली नाही.

दिवेलागणीला ट्रॅक्टर आले. ट्रॉल्यांत सारे गाव होते, हातांत ऊस, फुगे आणि तोंडात पिपाण्या. यादोराव उतरून म्हणाले, "आज बाजूच्या गावची मंडई होती जी, सारे तिकडंच. उद्या आपली आहे."

मंडई (दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा) एकाच दिवशी सगळीकडे नसते. एकमेकांचे पाहुणे पळवू नयेत म्हणून शेजारची गावे आपापसांत दिवस वाटून घेतात. मी रिकामे गाव पाहून त्याला शांत समजलो होतो.

सकाळी भोंग्यातून कोणी 'हॅलो, हॅलो' म्हणू लागला. त्याला पलीकडून कोणी उत्तर देईना, पण तो थांबेना. यादोरावांचा मुलगा रोशन आम्हाला डोंगरावर घेऊन गेला. हिमालय पाहिलेल्या माणसाने याला डोंगर म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे, एवढीच उंची. माथ्यावरून बोडी (लहान तळे) दिसत होती, भोवती पिवळे धान. त्यामागचा उंच सुळका मी भक्तिभावाने टिपला.

"तो डोंगर नाही साहेब, खाणीचा ढिगारा आहे," रोशन म्हणाला. त्याचे लक्ष मात्र खालच्या रस्त्यावर होते.

"कोणाची वाट बघतोस?" सुमनने विचारले.

"पाव्हणे येऊन राहिले, पार अड्याळवरून. मंडईच्या दिवशी सोयरीक पाहतात आमच्याकडं." रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "तीन जागी नाही म्हटलं. शेतीवाल्याले कोणी पोरगी देत नाही, काकू."

"मग तू इथे काय करतोस?"

"बाबा म्हणे, साहेबाले फिरवून आण."

सुमन चढली त्याच्या दुप्पट वेगाने उतरली. अंगणात कुंदाबाई कडुनिंबाखाली सतरंजी अंथरत होत्या.

"पाहुण्यांना आमच्या खोलीत बसवा," सुमन म्हणाली.

"नाही वो बाई, तुमी पाव्हणे."

"ते जास्त पाहुणे."

यादोराव कबूल झाले, पण त्यांची एक अट होती. "साहेब, तुमी अंगणात खुर्चीवर बसा. बोलू नका, फक्त बसा. पुण्याचे साहेब आपल्या घरी उतरतेत, एवढं दिसलं पाह्यजे." व्यासपीठावर नुसते बसणाऱ्या माणसांची मी आजवर मनसोक्त टिंगल केली आहे. सुमनने माझा सदरा इस्त्रीला दिला.

पाहुणे आले: मुलगी वैशाली, तिचे आईवडील आणि मामा. पुरुषांनी धानाच्या वाणांचा विषय काढला. माझ्याकडे कोणी पाहिले नाही. वैशालीची आई खोलीत गेली, तिने टाइल्सवरून हात फिरवला आणि ती थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"तुमी राह्यले ना इथं?"

"कालपासून."

"नळाले पाणी येते?"

अंगण गप्प झाले. रोशन पोह्यांचा ट्रे धरून दारातच थबकला. भोंगासुद्धा नेमका बंद पडला होता. ज्या शांततेसाठी मी एवढा प्रवास केला, ती मला एकदाच मिळाली, आणि ती मला सोसवेना.

"येते," मी म्हणालो. "सकाळीही."

वैशाली उठली, आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. ओढणीला हात पुसत ती बाहेर आली आणि रोशनला म्हणाली, "वरची टाकी कोण भरते?"

"मीच भरतो."

"रोज?"

"रोज."

"काहून, बाया काय करतात?" मामा हसले.

"बाया पाणी वापरतात," वैशाली म्हणाली आणि ट्रेमधली एक बशी उचलली. कुंदाबाई पदर तोंडाला लावून वळल्या.

दुपारी मंडई भरली. लाकडी पाळणे करकरत होते, जिलेबीच्या कढईपाशी रेटारेटी होती आणि चौकात दंडार (नाचगाण्याचा लोकखेळ) चालली होती. आम्ही शेवटच्या पंगतीला मटण-भात जेवलो. आमच्या बॅगा दिवसभर कोठीत धानाच्या पोत्यांवर होत्या, कारण खोलीतून पाहुणे काही हलेनात.

परतल्यावर लोकांनी विचारले, मुक्काम कसा निवडावा. मी सांगतो की गाव नकाशावर पाहून शांत ठरवू नये. आधी विचारावे, सारे गेले कुठे. आणि हेही सांगतो की माणूस डोंगरापाशी एकांत शोधायला जातो, पण खरे तर त्याला कोणीतरी पाहुणा म्हणावे असे वाटत असते. हे वाक्य ऐकून लोक गंभीर होतात आणि यादोरावांचा नंबर मागतात.

तो देऊन उपयोग नाही. माघात लग्न झाले; अटॅच खोलीत आता रोशन आणि वैशाली राहतात, आणि पाहुणे ठेवणे बंद आहे.