रंग पुसायचा फडका

नोकरीत पाहिलेली बरीच प्रेते मी विसरलो आहे. तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पडलेली ती बाई विसरलो नाही. तिला पाहून धक्का बसला, असे मात्र नाही. पोलिसाला प्रेताची सवय असते. धक्का बसला तो पुढच्या दोन दिवसांत, जिवंत माणसांचे बोलणे ऐकून.

मी तेव्हा गडचिरोली जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठावरच्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. भरमार बंदुका जमा करून घेण्याचे काम चालू होते. भरमार म्हणजे तोंडाकडून बारूद आणि छर्रे ठासून उडवायची गावठी बंदूक. ती विनापरवाना असते, आणि त्या भागात पुष्कळ घरांत असते. जो आपण होऊन आणून देईल त्याच्यावर गुन्हा नाही, असा आमचा शब्द होता.

एका गावात आम्ही सभा घेतली. अकरा नावे लिहून घेतली. त्यातले एक नाव माणसाने स्वतः दिले नाही. बायकांच्या घोळक्यातून त्याची बायको उभी राहिली.

"ह्यायचं नाव लिहा साहेब. धानाच्या ढोलीमागं ठेवली हाय. मले तिची धास्ती वाट्टे."

सभा हसली. मागून कोणीतरी ओरडले, "बायकोनंच पकडून देल्लं गा तुले!" नवराही मान खाली घालून हसला. शेतकरी माणूस, पन्नाशीच्या आतला, कमी बोलणारा. मी त्याचे नाव लिहिले. बंदुका आठ दिवसांनी ठाण्यात आणून द्यायच्या असे ठरले.

ठरल्या दिवशी सकाळी सातपासून मी रजिस्टर उघडून बसलो. दहापर्यंत चारच बंदुका आल्या. कारण विचारले. हवालदार म्हणाला, "रात्री गावात मंडई होती साहेब. नाटक होतं. मधल्या सुट्टीत भाऊ बोलले."

मंडई म्हणजे तिकडची दिवाळीनंतरची गावजत्रा; त्या रात्री पहाटेपर्यंत नाटक चालते. भाऊ म्हणजे झाडीपट्टीच्या, त्या धानपट्ट्यातल्या, नाटकांतला नावाजलेला खलनायक. जाहिरातीच्या कागदावर त्याचे नाव नाटकाच्या नावापेक्षा मोठे छापत. अलीकडे त्याने एक मागणी लावून धरली होती: प्रत्येक शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना द्या आणि तोवर घरातली बंदूक पोलिसांना देऊ नका. रानडुकरे एका रात्रीत उभे धान लोळवतात, हे खरे आहे. परवान्याचे अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात, हेही खरे आहे. मागणीत तथ्य होते, आणि म्हणूनच लोक ऐकत.

मी या माणसाला आधीपासून ओळखत होतो. मी चंद्रपूर जिल्ह्यात उपनिरीक्षक असताना त्याने रंगमंचावर टिकल्यांच्या पिस्तुलाऐवजी खरा गावठी कट्टा नेला होता. गोळी सुटली. समोरच्या नटाची दोन बोटे गेली. तपास माझ्याकडे होता. न्यायालयात त्याच नटाने शपथेवर सांगितले की पिस्तूल टिकल्यांचे होते, बोटे कडबा कापायच्या यंत्रात गेली. आरोपी सुटला. ही गोष्ट त्याने पुढे लपवली नाही, उलट वापरली. "माझ्यावर बंदुकीची केस झाली हाय. बंदूक काय असते ते मले विचारा," असे तो सभांतून सांगे. ज्याच्या हातून एकदा माणूस जायबंदी झाला, त्यालाच बंदुकीतले कळते, असे लोक मानू लागले. हे मी डोळ्यांनी पाहिले नसते तर मला खरे वाटले नसते.

साडेदहाला त्या गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, एक बाई धुऱ्यावर मरून पडली हाय. वाघानं मारलं म्हणून राह्यले. लाकडं आणाले गेले लोक. पण मले बारुदाचा वास येऊन राह्यला जी."

"प्रेत हलवू देऊ नका," मी म्हणालो आणि निघालो.

ती सभेत उभी राहिलेलीच बाई होती. ओच्यात तुरीच्या शेंगा तशाच होत्या. वनरक्षक माझ्या आधी पोहोचला होता; पंजाचा एकही ठसा त्याला मिळाला नव्हता. छातीवर आणि गळ्यावर छर्ऱ्यांची भोके होती. पंचनामा करताना प्रेतापासून काही पावलांवर, तुरीच्या काड्यांत अडकलेला एक जळका बोळा सापडला. भरमारीत बारूद दाबून बसवण्यासाठी असा बोळा ठासतात. तो मी मुद्देमालात घेतला.

नवरा बांधावर बसून होता. मी जवळ जाताच उठला आणि हात पुढे केले.

"मीच मारली साहेब. डुक्कर समजलो. नेता तं न्या मले."

पहिल्या पाच मिनिटांत आलेली कबुली मी कधी मानलेली नाही. खऱ्या अपराध्याला शब्द जुळवायला वेळ लागतो. हा पाठ केल्यासारखा बोलत होता.

ठाण्यात आणल्यावर मी जमा झालेल्या बंदुकांपैकी एक रिकामी बंदूक त्याच्यापुढे ठेवली. बारूद नव्हती, छर्रे नव्हते.

"कशी ठासतोस ते हातांनी दाखव."

त्याने दाखवले. हाताला सवय होती.

"बोळा कशाचा लावतोस?"

"नारळाच्या काथ्याचा. आमच्याकडं सारेच काथ्याच लावतेत जी."

मी सापडलेला बोळा टेबलावर ठेवला. तो सुती कापडाचा होता. जळलेल्या कडेच्या आत गुलाबी आणि लाल तेलकट डाग होते. नवऱ्याने तो पाहिला आणि मान वळवली. हवालदार मात्र पुढे वाकला. हा गृहस्थ नाटकाचा मोठा शौकीन. मंडईचा हंगाम आला की रजेचा अर्ज ठरलेला. त्याने वास घेतला आणि त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, खोबरेल तेल हाय. नाटक सुटल्यावर तोंडाचा रंग पुसतेत, तो फडका व्हय हा."

मी नवऱ्याकडे पाहिले. तो जे बोलला ते मी शब्दशः देतो.

"बायको तं गेली साहेब. आता भाऊले पण नेता का? डुकरायचं सरकारले सांगणारा तो एकलाच हाय. मी आत गेलो तं कोणाचं काय बिघडते?"

तीस वर्षांच्या नोकरीत मी लाचेपोटी, भीतीपोटी, जातीपोटी खोटे बोलणारी माणसे पाहिली होती. आपल्या बायकोला मारणाऱ्यासाठी तुरुंगात जायला निघालेला नवरा मी पहिल्यांदा पाहिला. हे तो जबाबात द्यायला तयार नव्हता. आणि पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही, मग ती खरी असो की खोटी.

दुसऱ्या दिवशी दुपारी नटाला बोलावले. तो आला तेव्हा फाटकाबाहेर शेदीडशे माणसे होती. खुर्चीवर बसताच त्याने मला ओळखले.

"तुम्हीच होते ना तवा? आता इन्स्पेक्टर झाले म्हणा. इतक्या वर्षांत दोनच पायऱ्या चढले का साहेब?"

मी बोळा दाखवला. तो अजिबात दचकला नाही.

"फडका माझाच असन. मंचामागं असे दहा पडले राह्यतेत. पण बयान त्याचं हाय ना?"

एवढेच. त्या बाईविषयी त्याने एक शब्द काढला नाही. मी नोंद घेऊन त्याला जाऊ दिले, कारण अटकेला लागणारा पुरावा माझ्याकडे नव्हता. बाहेर जयजयकार झाला. मी टेबलावर हात ठेवून बसून राहिलो.

तेवढ्यात हवालदाराने स्वतःचा मोबाइल आणून पुढे धरला. आदल्या संध्याकाळी शेजारच्या गावात नटाचे भाषण झाले होते. कोणीतरी ते चित्रित करून पाठवले होते. ते पाहून मी नवऱ्याला कोठडीतून बाहेर आणायला सांगितले, बाकावर बसवले आणि मोबाइल त्याच्या हातात दिला.

नट हात उंचावून सांगत होता, "आज त्या माऊलीले वाघानं मारलं! तिच्या हातात बंदूक असती तं ती जित्ती राह्यली असती!" टाळ्या पडत होत्या.

नवऱ्याने शेवटपर्यंत पाहिले.

"पुन्हा लावा जी."

पुन्हा लावले. त्याच वाक्यावर त्याने मोबाइल खाली ठेवला.

"तिच्या हातात?" तो हळू म्हणाला. "ती तं तिले हातबी नोती लावत. झाडलोट करताना ढोलीमागचा केर तसाच ठेवे. आठ दिवस झाले, रोज म्हणे, देऊन टाका."

त्यानंतर तो थांबला नाही. नाटक पहाटे सुटले. हा नटाकडे विचारायला गेला, नाव यादीत आहे, बंदूक द्यायची की ठेवायची? नट म्हणाला, बंदूक आण, वावर दाखव. वावरात त्याने बंदूक हातात घेतली. "तुमची ठासायची तऱ्हा जुनी हाय," म्हणाला, आणि खांद्यावरच्या फडक्याची पट्टी फाडून स्वतः ठासली. तेवढ्यात धुऱ्यावरची तूर हलली. बायको घरी आहे, असे नवऱ्याला वाटत होते. ती त्याच्या आधी शेंगा तोडायला येऊन बसली होती. डुक्कर समजून घोडा ओढला तो नटाने.

"मंग भाऊ म्हणाले, वाघ सांग. वाघ नाई चालला तं तू आपल्यावर घे. तुही बायको होती, तुले कोणी काही करत नाई. मी हो म्हणलो."

न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे त्याचा जबाब नोंदवला. प्रयोगशाळेचा अहवाल आला. नटाच्या पेटीतल्या रंगाशी बोळ्यावरचा रंग जुळला. शस्त्र बाळगल्याचा गुन्हा नवऱ्यावरही लागला. तो त्याने मान्य केला.

खटल्याच्या दिवशी मला त्या दोन बोटे गेलेल्या नटाची आठवण होत होती. हा साक्षीदारही फिरणार, असे मी मनाशी धरून बसलो होतो. गावाने त्याच्याशी बोलणे सोडले होते. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि जबाबात होते तेच सांगितले. उलटतपासणीत वकिलाने विचारले, "आधी खोटे बोललास, आता खरे कशावरून?" तो म्हणाला, "आधी मले बोलाले लावलं होतं. आता मी बोलून राह्यलो."

खालच्या न्यायालयात नटाला शिक्षा झाली. अपील चालू आहे, तो जामिनावर आहे. आता सभेत तो सांगतो, माझ्यावर बंदुकीच्या दोन केसा झाल्या हायेत. टाळ्या पूर्वीपेक्षा जास्त पडतात, असे ऐकतो.

या प्रकरणाने मला एक शिकवले. साक्षीदार फुटला की तो भ्याला किंवा विकला गेला, असे आम्ही धरून चालतो. काही वेळा तो केवळ कृतज्ञ असतो. जिथे वर्षानुवर्षे कोणी ऐकून घेत नाही, तिथे पहिल्यांदा बोलणाऱ्याला लोक काहीही माफ करतात. हे मी आधी ओळखले असते तर त्या सभेत नावे लिहून उठलो नसतो. डुकरांविषयीही विचारले असते.

निकालाच्या दिवशी तो नवरा न्यायालयाच्या आवारात माझी वाट पाहत थांबला होता.

"साहेब, तुमच्या त्या रजिस्टरात माझ्या नावापुढं काय लिहिलं हाय?"

"आणली नाही."

"तिनं नाव लिवून देल्लं होतं. पुढचं ते 'आणली नाही' खोडता येते का?"

शासकीय नोंद खोडता येत नाही. मी त्याला तसे सांगितले.

"बरं," तो म्हणाला, आणि बसथांब्याकडे गेला.