दहा शेराचा धोंडा

केदारनाथाला माझ्या पायांनी चालत येईन, असा नवस मी बोललो तेव्हा माझी बायको विषमज्वरानं अंथरुणाला खिळलेली होती आणि माझ्या पायांचा विचार करायला कुणालाच सवड नव्हती. ती बरी झाली, हिंडूफिरू लागली, तेव्हा मला पाय आठवले. वय पंचेचाळीस, कचेरीतल्या खुर्चीनं वाढवलेलं पोट, आणि कोपरीतल्या आमच्या चाळीचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभं राहायची सवय. देवावर माझा विश्वास होता, माझ्यावर नव्हता. देवालाही ही अडचण ठाऊक असणारच, तो थांबेल, अशी मनाची समजूत घालून मी दोन वर्षं काढली. शेवटी बायकोच म्हणाली, "नवस तुमचा, पण जीव माझा आहे. या वैशाखात जायचं. मीही येणार."

कचेरीतले एक गृहस्थ ती यात्रा करून आले होते. त्यांनी सांगितलं, पाठीवर दहा शेर वजन घेऊन दर रविवारी डोंगर चढायचा सराव करा, नाहीतर गौरीकुंडाच्या वर छातीचा भाता होईल. मी उत्साही माणूस. लढाईनंतर बाजारात आलेले मिलिटरीचे जुने बूट घेतले, एक खाकी पिशवी घेतली आणि थंडीची सवय व्हावी म्हणून ठाण्याच्या उकाड्यात कानटोपी घालून हिंडू लागलो. थंडीची सवय कानटोपीनं कशी होणार होती, ते आज मलाही सांगता येत नाही. पहिल्या रविवारी पिशवीत तांदूळ भरून मुंब्र्याच्या देवीचा डोंगर चढायला निघालो. दिवस रेशनचे. स्टेशनाबाहेर शिपायानं पिशवी उघडायला लावली. "तांदूळ घेऊन डोंगरावर कुठं चाललात?" मी म्हटलं, "सरावाला." त्यानं माझ्याकडे नखशिखांत पाहिलं. कानटोपी पाहून त्याला माझी दया आली असावी. त्यानं सोडून दिलं.

तेव्हा तांदळाऐवजी धोंडा बरा, असं ठरलं. डोंगराच्या पायथ्याशी, वाटेपासून जरा आडबाजूला, एका उंबराखाली मला मनासारखा धोंडा मिळाला. वाटोळा, गुळगुळीत, पाठीला कुठं टोचणार नाही असा. एका अंगाला तांबूस डाग होता. कुणीतरी पानाची पिंक टाकली असणार, असं म्हणून मी तो डाग घरी नळाखाली काथ्यानं खसखसा घासून काढला. हे लिहिताना आजही हात थांबतो. सोमवार ते शनिवार तो धोंडा आमच्या दाराशी पडून असे, आणि बुटाची नाडी बांधायला मला पाय टेकवण्यापुरता तो अगदी बरोबर उंचीचा होता.

असे अकरा रविवार गेले. बाराव्या रविवारी ऊन कडक होतं, मी न्याहरीला भजी जरा जास्त खाल्ली होती, आणि अर्ध्या चढावर डोळ्यांपुढे अंधारी आली. मी मटकन खाली बसलो. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. आता इथंच आपलं केदारनाथ, असं वाटून मी देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात वरून एक आगरी बाई मोळी घेऊन उतरली. तिनं मोळी टाकली, सुक्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी माझ्या तोंडावर मारलं, उरलेलं पाजलं, आणि मी नको नको म्हणत असताना माझी पिशवी स्वतःच्या डोक्यावर घेतली.

"येवरा काय भरलाय दादा? धोंडा हाय का काय?"

"सरावासाठी," मी पुटपुटलो.

ती हसली. "घरान काम नाय वाटते तुमाला."

मोळी तिथंच ठेवून तिनं मला पायथ्यापर्यंत आणलं. उंबराखाली एक म्हातारा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. त्याच्यासमोर शेणानं सारवलेली जागा, त्यावर ताजी फुलं, आणि मध्ये काही नाही. बाईनं पिशवी नेमकी तिथंच उतरवली. "माझा सासरा," ती हळूच म्हणाली. "आमचा देव व्हता इथं. तीन महिने झाले, गेला कुठं कळत नाय. सासरा म्हनतो, माझ्यावर रुसून गेला. तवापासून मीठ सोरलंय त्यानं."

तो तांबूस डाग शेंदराचा होता.  पिशवी उघडायची, हात जोडायचे, एवढंच काम होतं. मी काय केलं? त्या बाईचे आभार मानले, म्हाताऱ्याला नमस्कार केला आणि पिशवी उचलून स्टेशनाकडे चालू लागलो. चक्कर आलेला माणूस मी. पण त्या दिवशी मी जितक्या झपाझप चाललो तितका पुढं हिमालयातही चाललो नाही.

घरी आल्यावर धोंडा कुठं ठेवावा ते कळेना. पाटावर ठेवला. बायकोनं पाटावरचा धोंडा पाहिला, माझं तोंड पाहिलं आणि चुलीपुढून उठून आली. सगळं ऐकून तिनं आधी दारातले माझे बूट बाहेर गॅलरीत नेऊन ठेवले. मग धोंड्याला आंघोळ घातली. मी म्हटलं, "उद्या पहाटे कुणी उठायच्या आत जागेवर ठेवून येतो. कुणाला कळायचंही नाही."

"म्हणजे त्या म्हाताऱ्याला मरेपर्यंत वाटत राहणार, देव माझ्यावर रुसला होता म्हणून. तुमची अब्रू राहील हो. त्याच्या मिठाचं काय?"

 कचेरीत रजेचा अर्ज पाठवला आणि दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन वर आल्यावर गेलो. बूट घातले नाहीत. म्हातारा तिथंच होता, सून शेजारी गवत बांधत होती. मी पिशवी उघडून धोंडा त्याच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. नळ सांगितला, काथ्या सांगितला, शेवटी बुटाचंही सांगितलं. सुनेचे हात कमरेवर गेले. "काल मीच डोक्यावरून आनला त्याला, न तुमी गप ऱ्हायलात? शिकलेली मान्सं तुमी!" मी मान खाली घातली. तिनं आणखी चार शब्द बोलावेत असंच मला वाटत होतं.

 म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी देव चाचपून पाहिला, हरवलेलं पोर सापडल्यावर चाचपतात तसा. मग विचारलं, "वर नेलाव त्याला? देवीपाशी?"

"नेला. अकरा वेळा."

"पिशवीन?"

"पाठीवर."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दर माघी पुनवेला तो हा देव डोक्यावर घेऊन देवीच्या भेटीला नेत असे. बापानं नेला, आज्यानं नेला. गेल्या वर्षी त्याचे गुडघे गेले आणि भेट चुकली. मुलगा मिठागरावर, त्याला सवड नाही. "मी रागानं बोललो त्याला. माजे पाय गेले, आता तुजा तूच बघ कुनी हमाल. न सकाली बगतो तं जागा मोकली." त्यानं मान वर करून माझ्याकडे, माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि रडता रडताच त्याला हसू आलं. "असा बगला व्हय त्यानं?"

सुनेनं घरातून भाकरी आणि सुक्या चटणीची वाटी आणली. चटणीत मीठ होतं. म्हाताऱ्यानं आधी मला घास दिला, मग स्वतः घेतला. घरी येऊन बायकोनं पंचांग काढलं. माघी पौर्णिमा त्या वर्षी रविवारी आली होती, माझ्या अकरा रविवारांपैकीच एका. याचा अर्थ काय, ते मी कुणाला समजावायला जात नाही. बायकोनं पंचांगाच्या त्या पानाला कुंकवाचं बोट लावलं, एवढंच.

वैशाखात आम्ही गेलो. गौरीकुंडाच्या वर दोन मैल चाललो आणि माझ्या छातीचा भाता झाला. अकरा रविवार, मिलिटरीचे बूट, कानटोपी, कशाचा काही उपयोग झाला नाही. एक दिवसही सराव न केलेली माझी बायको काठी टेकत पुढं चालली होती. ती मागं आली आणि तिनं एक कंडीवाला ठरवला. हे लोक पाठीवरच्या टोपलीत माणूस बसवून नेतात. मी टोपलीपुढं उभा राहिलो, लाजेनं मला रडू फुटायचं बाकी होतं. "नवस माझ्या पायांचा होता गं."

"अकरा वेळा तुम्ही त्याला वाहून नेलंत, तेव्हा त्यानं तक्रार केली का? आज तो तुम्हाला नेतोय. बसा मुकाट्यानं."

मी बसलो. तो पहाडी माणूस वाकून एकेक पाऊल टाकत होता, त्याचा श्वास मला पाठीतून ऐकू येत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी निव्वळ वजन झालो होतो. देवळापाशी त्यानं मला अलगद उतरवलं. आत जाऊन मी काय मागितलं ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही; माफी मागायलाच वेळ पुरला नाही.

दर माघी पौर्णिमेला आता मी मुंब्र्याला जातो. म्हातारा उंबराखाली बसून वाट पाहत असतो, सून अजूनही आधी मला चिडवते आणि मगच पाणी देते. पिशवी नाही, बूट नाहीत; डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर देव. पूर्वी उचलण्याआधी वजन किती भरेल ते बघायचो. आता हात जोडून विचारतो, "नेऊ का?" आणि मगच वाकतो.