विमलताईंची सकाळची बॅच

विमलताई सोनवणे यांना मी पहिल्यांदा भेटले, तेव्हा पंजाबी ड्रेसवर ओढणीला नीट पिन लावून पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभी होते. मी शाळेत मराठी शिकवत असे. पन्नाशी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते आणि डॉक्टरांनी पोहायला सांगितलं होतं. ताई तिथे महिलांच्या बॅचच्या प्रशिक्षक. त्यांनी मला शांतपणे न्याहाळलं आणि विचारलं, ‘‘आपण पोहायला आलात, की हळदीकुंकवाला?’’

ओढणी काठावर राहिली, मी पाण्यात उतरले. त्या सकाळी ताईंनी मला पाठीवर तरंगायला शिकवलं. पाठीखाली त्यांचा तळहात होता. कान पाण्यात बुडाले आणि शहराचा सगळा आवाज कुठेतरी दूर गेला. वर फिकट आभाळ, त्यात एक घार गिरक्या घेत होती. शरीराला वजन असतं हेच मी विसरले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की ताई तर पलीकडच्या काठावर उभ्या आहेत. हात कधी काढला ते त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही.

स्वतः ताई पोहायला शिकल्या खडकवासल्याच्या कालव्यात. वडील कालव्यावर नोकरीला होते. भावाची जुनी अर्धी चड्डी घालून त्या वडिलांबरोबर पाण्यात शिरत. मग एके दिवशी आई म्हणाली, आता तू मोठी झालीस. पुढची कित्येक वर्षं त्या कालव्याच्या कडेने नुसत्या चालत गेल्या. लग्न होऊन शहरात आल्यावर त्यांनी रीतसर प्रशिक्षण घेतलं, तेव्हाच पुन्हा पाणी अंगाला लागलं. त्या मधल्या वर्षांबद्दल त्या फारसं बोलत नाहीत. एकदा एवढंच म्हणाल्या, की तेव्हा स्वप्नात मात्र रोज पोहत असे.

आमच्या बॅचवर खरी वेळ आली ती नव्या नियमाने. सुती कपड्यांचे धागे गाळणीत अडकतात, पाणी खराब होतं, त्वचेचे आजार पसरतात. म्हणून यापुढे फक्त नायलॉनचा पोशाख, असं व्यवस्थापकांनी जाहीर केलं. बायका चिडल्या. ताई म्हणाल्या, त्यांचं बरोबर आहे. पण दुकानात मिळणारा तोकडा पोशाख घालायला कुणी तयार होईना आणि आठवड्याभरात बॅच निम्मी झाली. गळालेल्यांमध्ये शोभाताई होत्या. त्यांच्या यजमानांचा मार्केट यार्डात कांद्याचा व्यापार. पोहायला लागल्यापासून त्यांची साखर पहिल्यांदाच आटोक्यात आली होती.

ताईंनी व्यवस्थापकांशी वाद घातला नाही. नायलॉनचं कापड आणून त्यांनी मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा पोशाख स्वतः शिवला, आधी स्वतः घालून पोहून पाहिला, काखेत काचतो म्हणून उसवून पुन्हा शिवला. मग तो घेऊन शोभाताईंच्या घरी गेल्या. मी बरोबर होते. सासूबाईंनी पोशाख हातातही घेतला नाही. असलं काही आमच्या घरात चालत नाही, एवढंच म्हणाल्या. ताईंनी त्यांनाच तलावावर यायचं निमंत्रण दिलं. काय चालतं ते आपण स्वतः बघा, मग ठरवा.

आणि त्या आल्या. काठावर खुर्चीत ताठ बसल्या. सून पाण्यात संथपणे हात मारत होती, कोवळं ऊन तिच्यामागून सरकत होतं. थोड्या वेळाने म्हातारीने चपला काढल्या, नऊवारीचा काठ किंचित उचलला आणि पाय पाण्यात सोडले. मग ताईंना हळूच म्हणाल्या, ‘‘माझ्या मापाचा शिवाल का हो?’’

यथावकाश असे पोशाख दुकानांतही मिळू लागले. आमच्या बॅचमध्ये तोच रिवाज झाला आणि पुढे त्या रिवाजाचाच नियम होऊ पाहत होता. दोन वर्षांपूर्वी वाघोलीहून एक इंजिनिअर मुलगी येऊ लागली. दिवसभर खुर्चीत बसून तिची पाठ धरली होती. ती साधा, बिनबाह्यांचा कॉस्च्यूम घाले. काही जणींना ते खटकलं. त्यांनी ताईंना गाठलं. तिला समज द्या, नाहीतर आम्ही बॅच सोडतो म्हणाल्या. ज्यांच्यासाठी ताईंनी रात्रंदिवस मशीन चालवलं, त्याच या बायका.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘तुमच्या बाह्या मी शिवल्या त्या तुम्हाला आत येता यावं म्हणून. त्या दाखवून दुसरीला बाहेर काढणार असाल, तर आणा इकडे, उसवून देते.’’

दोघी खरोखरच सोडून गेल्या. ताईंना ते लागलं. त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही. पण मुलीला त्यांनी यातलं काही कळू दिलं नाही. नेहमीप्रमाणे तिच्या पाठीखाली हात धरून उभ्या राहिल्या. महिन्याभराने दोघींपैकी एक परत आली. ताईंनी तिला फक्त शॉवर घेऊन पाण्यात उतरायला सांगितलं.

आता ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यानिमित्त सत्कार करणाऱ्या गौरव समितीचे लोक घरी गेले, तेव्हा शाल नको, घामोळं येईल, असं त्यांनी बजावलं आहे. ताई, या बाबतीत आम्ही आपलं ऐकणार नाही. आपले खांदे निकोप राहोत, श्वास असाच लांब राहो आणि आम्हाला रागावण्याइतकी ताकद आपल्या आवाजात उदंड वर्षं टिको. समारंभ रविवारी दुपारी आटोपेल. सोमवारी सकाळी तलाव उघडतो. आम्ही आपली वाट पाहू.