सीटवरची चप्पल

नांगर जोडायच्या आधी नसीरचाचा इंजिन बंद करत, पायातली चप्पल काढून ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवत आणि अनवाणी मागं जाऊन बसत. कुणी हसलं की म्हणत, "हसा की. पर सीट भरलीय. तिथं कोन बसायचं नाय."

खुलताबादजवळच्या आमच्या गावात एवढा जुना ट्रॅक्टर दुसरा नव्हता. चाचा नांगराला आधी ट्रॅक्टरचा डावा दांडा जोडत, मग उजवा, शेवटी वरचा. दहा पावलं नांगरून उतरत, सरीत हात घालून खोली बघत, उजव्या दांड्याचं हँडल दोन आटे फिरवत, पुन्हा चढत. मी कंटाळायचो. "नांगर वाकडा नसतोय बेटा," ते म्हणत, "जोडनारा घाईत असतो."

त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. दांड्यात नांगर अडकवायची पिन कशी घालतात ते दाखवताना मी त्या हाताचा फोटो काढला. शेतातले अपघात थांबवायची मोहीम मी चालवत होतो, आणि तो फोटो मी न विचारता पत्रकावर टाकला. खाली ठळक अक्षरात: 'जुनाट ट्रॅक्टर, हलगर्जी चालक!' शहरातल्या शहागंजात छापून गावोगाव वाटलं. त्या हंगामात चाचांना नांगरटीला कुणीही बोलावलं नाही. मला तो मोहिमेचा विजय वाटला!

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, पत्रक वाचून चष्मा काढला. "चाचांची बोटं गेली त्या दिवशी सीटवर मी बसलो होतो," ते म्हणाले. "चाचा मागं पिन घालत होते. माझा हात नांगर खाली-वर करायच्या दांडीला लागला, नांगर खाली आला. त्यांनी आजवर कुनाला सांगितलं नाय."

मी धावत गेलो. चाचा ट्रॅक्टर पुसत होते. विकत घेणारं गिऱ्हाईक ठरलं होतं.

"चाचा, दुसरं पत्रक काढतो. खरं छापतो."

"व्हय? नाव कुनाचं टाकशील?"

दुसऱ्यांची नावं छापताना माझा हात कधी अडला नव्हता.

"तुझं लगीन ठरायचंय. ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि फडकं पिळायला लागले.

मी राहू दिलं. ट्रॅक्टर गेला, दोन वर्षांनी चाचाही गेले. मयतीला अण्णा आणि मी सगळ्यांच्या मागं उभे होतो.

पत्रक आज काढतोय. अण्णांना विचारलंय. सीटवर माझे वडील होते. नसीरचाचांची चूक नव्हती.